गावच्या घरी वायरलेस ब्रॉडबँडचा रेडिओ नेमका कुठे बसवावा? जागा कशी तपासावी?

समोरच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) टॉवरवरून ५ गिगाहर्ट्झवर नेट घ्यायचंय, घर कौलारू आहे, एप्रिलमध्ये सुट्टीत गावी जाऊन जागा ठरवली तर चालेल का आणि रेडिओ (टॉवरवरचं नेट पकडणारं घरावरचं यंत्र) कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. बाकीचं नंतर बघू, आधी ते एप्रिल रद्द करा.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. टॉवर दरीपलीकडे, हवाई अंतर तीनेक किलोमीटर. कंपनीचा माणूस मार्चअखेर आला, कौलांवर चढला आणि टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो म्हणून खूश झाला. दिसणारच! मध्ये शेजारच्या काकांची सागाची लागवड, आणि मार्चात सागाचे नुसते खराटे उभे असतात. मी तिथेच म्हटलं, पावसाळ्यात हे सगळं भरतं. तो म्हणाला, "सर, उणे ५८ येतंय, एक नंबर." (हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला.) दादा मुंबईहून फोनवर त्याच्याच बाजूने.

जूनमध्ये साग फुटला. हातभर लांब पानं, त्यात चिंब भिजलेली. सिग्नल उणे ७९ वर आला आणि लिंक तुटायला लागली. कंपनी म्हणे पावसामुळे. दादाही म्हणे पावसामुळे, शिवाय वीस फुटी पोल उभार.

अरे, पण पावसाने होतं तरी किती? ५ गिगाहर्ट्झला तीन किलोमीटरवर धो धो पाऊस फार तर दोन-तीन डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) खातो. इथे एकवीस गेले होते, म्हणजे ताकद शंभरपटीहून जास्त घटली. मे महिन्यातल्या वळवाच्या सरीत हाच सिग्नल ढिम्म हलला नव्हता आणि गणपतीनंतर लख्ख ऊन पडलं तरी सुधारला नाही. तरी पावसामुळेच!

शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर रेडिओ चालू केला, बांबूच्या टोकाला बांधला आणि आवारभर फिरलो. पुतण्या मोबाइलवर आकडे वाचत होता. गोठ्याच्या कोपऱ्यावर उणे ६१ आलं. ही जागा कौलांपेक्षा चांगली सहा फूट खाली, पण तिथून साग आणि आंबा यांच्यामधून व्हाळ (ओढा) जातो, ती फट सरळ टॉवरकडे उघडते. आंबा बारमाही हिरवा, त्यामुळे तो उन्हाळ्यात जेवढा आडवा येतो तेवढाच पावसात.

उंची वाढवली की सगळं सुटतं हे दादाचं लाडकं मत. रेडिओची लहर दोरीसारख्या बारीक सरळ रेषेत जात नाही, तिला भोवती मोकळी जागा लागते. तीन किलोमीटरच्या लिंकला ऐन मध्यावर सुमारे सहा मीटर त्रिज्येचा पट्टा असतो, त्याचा आतला साठ टक्के तरी रिकामा हवा. टोकांकडे तो अरुंद होतो. म्हणून घराजवळची झाडं दहा-पंधरा फूट बाजूला सरकून टाळता येतात. दरीच्या मध्यावर एखादी टेकाडाची धार आडवी असेल तर मात्र सरकून उपयोग नाही, तिथे खरंच उंची लागते. एवढं दादाला मान्य करतो.

तेव्हा तपासणी ऑगस्टमध्ये करा. ते जमत नसेल तर निदान रेषेतली झाडं कोणती, ती पान गाळतात का, हे गावातल्या माणसाला विचारा. नुसता सिग्नल बघू नका, त्याच्यात आणि नॉइजमध्ये, म्हणजे आजूबाजूच्या नको त्या लहरींच्या गोंगाटात, पंचवीस डीबीचं अंतर हवं. ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, म्हणजे कोणीही वापरू शकतो, त्यामुळे गर्दी असू शकते. एकदा स्पीड टेस्ट मारून मोकळं होऊ नका, संध्याकाळी तासभर काहीतरी डाउनलोड लावून ठेवा.

रेडिओ कोणता, यात तुम्हाला फारशी निवड नसते. टॉवरवरच्या यंत्राशी जुळणारा कंपनी सांगेल तोच घ्यायचा.

आणि हो, वर पावसाबद्दल लिहिलं ते ५ गिगाहर्ट्झपुरतंच. तुमची लिंक २६ किंवा ६० गिगाहर्ट्झची निघाली तर पाऊस खरोखर मारतो, तिथे कंपनीचं ऐका. पोल उभारायचाच असेल तर आधी अर्थिंगचं बघा. आमच्याकडे जांभ्यात ते धड लागत नाही, आणि वळवाच्या विजा दादाला मुंबईत दिसत नाहीत.