पंप लावूनही साखर बिघडली तर?

टाइप १ मधुमेह असलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणं कधी ना कधी इन्सुलिन पंपाकडे, म्हणजे त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या छोट्या यंत्राकडे वळतंच. हॉस्पिटलने किंवा रुग्णांच्या एखाद्या गटाने पंपाविषयी माहितीचा कार्यक्रम ठेवलेला असतो. घरच्यांनी नाव नोंदवायचा लकडा लावलेला असतो. आणि समोर बसलेली व्यक्ती म्हणते, "मॅडम, मला तिथे जायचंच नाहीये."

कारणं बरीच सांगितली जातात. यंत्र अंगावर आलं म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असं लोक म्हणतील. एकदा गेलं की गळ्यात मारतील. झोपेत नळी ओढली गेली तर? कपड्यांवरून दिसणार नाही का? या शंका खऱ्या आहेत आणि त्यांची उत्तरंही आहेत. पण सगळी उत्तरं मिळाल्यावरही माणूस जागचा हलत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता उत्तरं द्यायची घाई करत नाही. या शंकांच्या तळाशी बहुतेक वेळा वेगळीच भीती असते आणि ती स्वतःहून कुणी सांगत नाही. मीनलच्या निमित्ताने त्या भीतीबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींतलं अगदी मोजकंच इथे घेतलं आहे.

मीनल तिशीतली. अकराव्या वर्षी मधुमेह झाला, तेव्हापासून दिवसाला चार इंजेक्शनं: जेवणांआधीची तीन आणि एक दिवसभर पुरणारं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी कायम ८ च्या वर, म्हणजे चढीच. एकदा रात्री झोपेत साखर फार खाली गेली होती, तेव्हापासून झोपताना ती मुद्दाम चढी ठेवायची. डॉक्टरांनी पंपाचा विचार सुचवला. मग नवऱ्याने तिला न विचारता कार्यक्रमाला दोघांची नावं दिली आणि घरात जोरदार भांडण झालं.

"तुला कार्यक्रमाला जायचं नाही, की पंप नको आहे?" मी विचारलं.

"एकच ना ते?"

"एकच आहे का?"

"गेले की सगळे म्हणणार, आता सगळं कळलंय ना, मग घेऊन टाक. नाही म्हणायला मी काय कारण देऊ?"

अशी अडचण असलेल्या प्रत्येक घराला मी एक गोष्ट करायला सांगते. माहिती घेणं आणि निर्णय घेणं यांच्यात आधीच अंतर ठरवून टाकायचं. मीनलच्या नवऱ्याला मी एका भेटीला बोलावलं. "मी तिच्या भल्यासाठीच केलं हो," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगलाच होता. मी त्याला एवढंच मागितलं की कार्यक्रमाहून परतल्यावर महिनाभर "मग काय ठरलं?" हा प्रश्न त्याने विचारायचा नाही. गाडीतही नाही, जेवतानाही नाही. त्याला ते जड गेलं, पण तो कबूल झाला. काळजी करणाऱ्या माणसाला गप्प बसायला सांगणं कठोर वाटेल, पण घरच्यांचा धीर सुटला की आजारी माणसाचं "नाही" आणखी घट्ट होतं.

एवढं होऊनही मीनल तयार नव्हती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, हिला माहिती कमी पडतेय. पण माहिती तिला भरपूर होती. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, ते ठरवलेल्या वेगाने चोवीस तास थेंबाथेंबाने त्वचेखाली जातं आणि जेवताना बटण दाबून जास्तीचा डोस घ्यावा लागतो, हे तिनेच मला सांगितलं. कॅन्युला, म्हणजे त्वचेखाली राहणारी बारीक नळी, दर दोन-तीन दिवसांनी बदलायची, हे तिला ठाऊक होतं. साखर मोजायला अंगावर लावतात तो सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागे असतो, हेही. नवे पंप सेन्सरचं ऐकून इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करतात, तरी जेवणाचं मात्र आपल्यालाच सांगावं लागतं, हे तिने इतकं नेटकं समजावलं की मी ऐकतच राहिले. इतकं वाचलेली मुलगी एका सभागृहात दोन तास बसायला घाबरते, म्हणजे भीती यंत्राची नव्हती.

मग मी विचारलं, "समज, पंप बसवून सहा महिने झाले. काय दिसतं?"

बराच वेळ ती बोलली नाही. असा वेळ मी भरून काढत नाही.

"डॉक्टरांची केबिन," ती म्हणाली. "रिपोर्ट त्यांच्या हातात आहे. एचबीए१सी ८.४."

"मग?"

"ते काहीच बोलत नाहीयेत. नुसते बघतायत."

"आणि तू?"

"मी काय बोलणार? आत्तापर्यंत म्हणता यायचं, इंजेक्शनांवर आहे, होतं असं. पंप लावूनही साखर बिघडली तर काय सांगू? मग वाईट मीच." आणि ती रडायला लागली.

इतक्या भेटींमध्ये ती पहिल्यांदा रडली. पंप तिला उपचार वाटतच नव्हता. ती शेवटची परीक्षा होती, आणि परीक्षेलाच बसलं नाही तर नापास तरी कोण करणार? कार्यक्रमाला जाणं म्हणजे त्या परीक्षेचा फॉर्म भरणं. एकदा हे दिसलं की तिचा नकार मुळीच अवाजवी राहत नाही. तो तिने स्वतःच्या बचावासाठी घट्ट धरून ठेवलेला होता.

ही भीती कुठून येते, हे मधुमेह असलेल्या मुलांच्या घरी थोडा वेळ घालवला तरी कळतं. मीटरवर आकडा येतो आणि कुणीतरी विचारतं, "काय खाल्लंस?" आकडा चांगला, आकडा वाईट. लहान मूल त्यातून आकड्याबद्दल काही शिकत नाही, स्वतःबद्दल शिकतं. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. या थकव्याची दखल संशोधकांनीही घेतली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मधुमेहाशी निगडित मानसिक त्रास मोजणारी प्रश्नावली मांडली. नैराश्य वेगळं आणि आजार रोज सांभाळण्याचा हा शीण वेगळा, हे त्यानंतर अधिक स्पष्ट होत गेलं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना या शीणाबद्दल कुणी कधी विचारलेलंच नसतं.

माझ्या कामाची बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो, ते आपल्याला जास्त छळतं, हा तिचा गाभा. एलिस यांना स्वतःला वयाच्या चाळिशीत मधुमेह झाला आणि पुढे ते ९३ वर्षांपर्यंत जगले, हे मी रुग्णांना आवर्जून सांगते. त्यांचा एक आग्रह मला मधुमेहात फार मोलाचा वाटतो: माणसाच्या एखाद्या गोष्टीचं मोजमाप करा, अख्ख्या माणसाचं करू नका. २८० हा आकडा रक्तातल्या साखरेविषयी काहीतरी सांगतो. मीनल कशी आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

पण हे नुसतं ऐकून पटत नाही, म्हणून आम्ही साखर कशाकशाने चढते-उतरते ते लिहून काढलं. जेवण आणि इन्सुलिनचा डोस ही तर ठरलेली उत्तरं. त्यापुढे सर्दी-ताप आला, पाळी आली, अपुरी झोप आली, पहाटे वाढणारी संप्रेरकं आली, ताण आला, व्यायामानंतर काही तासांनी होणारी घसरण आली, एकाच जागी टोचून त्वचेखाली झालेल्या गाठी आल्या, उन्हात राहिलेलं इन्सुलिन आलं. कागद भरत गेला तशी मीनल म्हणाली, "यातलं अर्धं माझ्या हातातच नाही." मी म्हटलं, "आणि जे आहे, तेही प्रत्येक वेळी जमेलच असं नाही. जमावं असं वाटणं रास्त आहे. जमलं नाही की आपण वाईट, हे कुठून आलं?"

तिच्या वहीत आकड्यांपुढे लाल-हिरव्या खुणा असत. त्या बंद करायला सांगितल्या. आकड्यापुढे काय घडलं आणि मी काय केलं, एवढंच लिहायचं. नंतर एका भेटीत तिने वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: "२६४. कारण कळलं नाही. तक्त्याप्रमाणे करेक्शनचा जादा डोस घेतला. दोन तासांनी १७०." कारण कळलं नाही! एकोणीस वर्षं प्रत्येक चढ्या आकड्यामागे स्वतःची चूक शोधणाऱ्या मुलीने ते सरळ लिहून टाकलं होतं आणि पुढचं काम केलं होतं. माझ्या कामाचं चीज झालं असं मला क्वचित वाटतं. त्या ओळीने तसं वाटलं.

कार्यक्रमाला जाते, हे तिने त्यानंतर आपणहून सांगितलं.

अशा कार्यक्रमाला जाणाऱ्यांना मी सांगते की पंपाचे फायदे विचारण्यात वेळ घालवू नका, ते न विचारताही सांगितले जातात. बिघडतं तेव्हा काय होतं, ते विचारा. पंपावर असताना अंगात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसतो. कॅन्युला वाकली किंवा नळी तुंबली तर काही तासांत साखर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारे घातक पदार्थ) चढू शकतात. ते कसं ओळखायचं, जवळ काय ठेवायचं, रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? आंघोळीला, पोहायला, एमआरआयच्या वेळी काय करायचं? अलार्म किती वाजतात, त्यातले किती बंद करता येतात? खर्च विचाराल तेव्हा यंत्राबरोबर दर महिन्याला लागणाऱ्या सामानाचाही विचारा. सुरुवातीचं सेटिंग कोण करणार, पुढे बदलणार कोण? आणि इंजेक्शनांकडे परत यायचं ठरवलं तर कसं? कार्यक्रम कुणी भरवलाय तेही पाहा. कंपनीचा माणूस आपलं यंत्र दाखवणारच, त्यात गैर नाही, पण पंप वापरणारं कुणी तिथे असेल तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. सभागृहात पैसे भरू नका, सही करू नका. पंप तुम्हाला योग्य आहे का, हे तुमचे डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवायचं आहे.

आणि "पंप म्हणजे आजार वाढला" या समजुतीविषयी. मधुमेहावरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास १९८३ ते १९९३ असा चालला, टाइप १ असलेले १४४१ जण त्यात होते. ज्यांची साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यापैकी काही पंपावर होते, काही दिवसाला तीन किंवा अधिक इंजेक्शनांवर. सुरुवातीला डोळ्यांचा विकार नसलेल्यांमध्ये तो उद्भवण्याचा धोका या गटात, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, ७६ टक्क्यांनी कमी झाला. पंप तिथे हतबल झालेल्यांचा उपाय नव्हता, चांगल्या नियंत्रणाचा एक मार्ग होता. याच गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट होते. तेव्हा सेन्सर नव्हते, आज खाली जाणारी साखर ओळखून इन्सुलिन थांबवणारे पंप आहेत. तरीही मीनलची रात्रीची भीती ही मनाची कल्पना नव्हती, हे मला तिच्या नवऱ्यालाही सांगावं लागलं.

कार्यक्रमात काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं. १९६० च्या दशकातल्या एका पंपाचं चित्र दाखवलं, पाठीवरच्या पिशवीएवढा. मग हातात घ्यायला आजचे पंप दिले, तळहातावर मावणारे. कॅन्युला तिने दोन बोटांत धरून वाकवून पाहिली. सुई आतच राहते, असं तिच्या नवऱ्याला वाटत होतं. नळी आणि कॅन्युलाच्या त्या सेटमध्ये सुई आत शिरून बाहेर येते आणि मऊ नळी तेवढी मागे राहते, हे त्याला तिनेच दाखवलं.

पण तिच्या मनाला भिडलेली गोष्ट वेगळीच होती. पंप वापरणाऱ्या एका बाई पुढे बसल्या होत्या. मीनलने हात वर करून विचारलं, "तुमची साखर कधी ३०० च्या वर जाते का?"

"अहो, परवाच ३२० होती," त्या म्हणाल्या.

"मग?"

"कॅन्युला आत दुमडली होती. कीटोन तपासले, इन्सुलिनच्या पेनने इंजेक्शन घेतलं, नवा सेट लावला आणि कामाला गेले."

"मॅडम, एवढंच," मीनल मला म्हणाली. "त्यांनी ते एवढ्यातच संपवलं. आणि सगळ्यांसमोर सांगितलं."

महिना उलटला तरी नवऱ्याने काही विचारलं नाही. शेवटी विषय तिनेच काढला. पंप घ्यायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. आहारातली कर्बोदकं मोजायचं प्रशिक्षण तिने सुरू केलं आहे, कारण इंजेक्शनांवर राहिली तरी ते उपयोगाचंच आहे. पंपात इन्सुलिनऐवजी सलाइन भरून काही दिवस तो नुसता वागवून पाहता येईल का, असं तिने डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी होकार दिला. तेवढे दिवस तिची नेहमीची इंजेक्शनं चालूच राहतील.

"आणि नंतर खराच बसवला आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर काढेन. पेन आहेतच."