नवं हार्डवेअर, काळी स्क्रीन: लिनक्सच्या डिस्प्लेबद्दल वाचकांचे प्रश्न

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत घ्यावीत आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे छोटी अक्षरं वापरावीत.)

प्रश्न: नव्या डेस्कटॉपमध्ये रेडिऑन आरएक्स ९०७० कार्ड आहे. डेबियन १२ टाकलं. ग्रबचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू दिसतो, पण त्यानंतर स्क्रीन काळी पडते. 'नोमोडसेट' हा बूटचा पर्याय दिला की डेस्कटॉप येतो, मात्र रिझोल्यूशन कमी असतं आणि व्हिडिओ अडखळतात. नोमोडसेट कायमचं ठेवलं तर चालेल का?

उत्तर: नाही. नोमोडसेट दिलं की ग्राफिक्स ड्रायव्हर कार्डाचा ताबाच घेत नाही. यूईएफआयने (मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमने) सुरुवातीला जी साधी फ्रेमबफर (चित्र ठेवायची मेमरी) उभी केलेली असते तिच्यावरच काम चालतं आणि सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो. व्हिडिओ म्हणूनच अडखळतात. आत शिरून दुरुस्ती करण्यापुरता हा पर्याय वापरावा.

मूळ अडचण वयाची आहे. डेबियन १२ जून २०२३चं, त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१ आणि मेसा २२.३. तुमचं कार्ड बाजारात आलं मार्च २०२५मध्ये. आजच्या कार्डाला तीन गोष्टी एकमेकींच्या तोलाच्या लागतात: कर्नलमधला ड्रायव्हर (एएमडीसाठी 'एएमडीजीपीयू'), कार्डात भरायच्या फर्मवेअरच्या फाइली आणि ओपनजीएल-वल्कन (प्रोग्रॅमनी कार्डाकडून चित्र काढून घ्यायच्या पद्धती) सांभाळणारा मेसा. या मालिकेसाठी किमान कर्नल ६.१२ आणि मेसा २५.० धरून चाला. बॅकपोर्टमधून (जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) नवा कर्नल आणता येतो, पण मग फर्मवेअर आणि मेसाही मागोमाग आणावे लागतात. एवढी ओढाताण करण्यापेक्षा सरळ डेबियन १३ टाका. त्यात या दोन्ही आवृत्त्या मुळातच आहेत. उबुंटू २४.०४ हवं असेल तर पहिली आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) घेऊ नका, तिच्यात कर्नल ६.८ आहे. २४.०४.३च्या आयएसओत ६.१४ मिळतो.

तीनपैकी नेमकं काय कमी पडतंय हे लक्षणांवरूनही कळतं. रिझोल्यूशनच कमी असेल तर कर्नल किंवा फर्मवेअरकडे बघा. रिझोल्यूशन बरोबर असून सगळं संथ चालत असेल तर मेसाकडे. खात्रीसाठी 'मेसा-युटिल्स' पॅकेज टाकून 'जीएलएक्सइन्फो' ही कमांड द्या, पुढे जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला लागून मोठा बी. रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' आलं तर कार्ड रिकामं बसलंय आणि काम प्रोसेसर करतोय असं समजा. ही तपासणी नोमोडसेट काढून करायची. ते असताना एलएलव्हीएमपाइपच दिसणार, त्यातून काही कळत नाही.

काळ्या स्क्रीनचं कारण मागच्या बूटच्या नोंदीत सापडतं. एकदा नोमोडसेटशिवाय बूट करा, स्क्रीन काळी पडू द्या, मिनिटभर थांबून रीस्टार्ट करा. आता नोमोडसेट देऊन आत या आणि 'जर्नलसीटीएल'ला वजा के, वजा बी आणि वजा एक असे तीन पर्याय देऊन मागच्या बूटचे कर्नल संदेश वाचा. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' फसल्याची आणि शेवटी 'एरर वजा २' असलेली ओळ दिसली तर अर्थ सरळ आहे: फाइल जागेवर नाही. डेबियनमध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग चालू करून 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' पॅकेज टाका. पॅकेजमधून फाइली आल्या की इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरला जाणारा फाइलींचा संच) आपोआप नव्याने बनतं. हाताने कॉपी केल्यात तर 'अपडेट-इनिटरामएफएस' वजा यू देऊन स्वतः चालवायला लागतं. ते राहून जातं आणि फाइल फोल्डरमध्ये असूनही बूटच्या वेळी सापडत नाही.

आणखी एक. इन्स्टॉलेशनच्या वेळी दिलेलं नोमोडसेट कधीकधी नव्या सिस्टिममध्येही उतरतं. 'ईटीसी'मधल्या 'डीफॉल्ट' फोल्डरातली 'ग्रब' फाइल उघडा, शब्द काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा. हे न बघता लोक नवे कर्नल टाकत बसतात.

प्रश्न: आरटीएक्स ५०७०साठी एन्व्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, चूक काही आली नाही. तरी रीस्टार्टनंतर रिझोल्यूशन कमीच आणि 'एन्व्हिडिया-एसएमआय' ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड म्हणते की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही.

उत्तर: पहिला संशय सिक्युअर बूटवर (बूटच्या वेळी फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीवर) घ्या. 'मोकयुटिल'ला दोन वजा आणि 'एसबी-स्टेट' देऊन बघा. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) कर्नल आत घेत नाही. 'मॉडप्रोब एन्व्हिडिया' हाताने चालवल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं की निदान पक्कं.

ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं गेलं असेल. तो लॉगिनचा नव्हे, पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या स्क्रीनसाठीचा. तिथे 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मॉड्यूलवरची सही तपासायची तुमच्या मशीनची किल्ली) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही स्क्रीन फक्त काही सेकंद थांबते. तेवढ्यात कळ दाबली नाही तर बूट पुढे सरकतं आणि किल्ली नोंदवायची राहते. उबुंटूवर ती 'व्हार', 'लिब', 'शिम-साइन्ड', 'मोक' अशा एकात एक फोल्डरांत 'मोक डॉट डीईआर' (मोक मोठ्या अक्षरांत) नावाने असते. 'मोकयुटिल'च्या 'इम्पोर्ट' पर्यायाने ती पुन्हा रांगेत लावा आणि रीस्टार्ट करा. निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डात फक्त साधी अक्षरं ठेवा.

सिक्युअर बूट बंदच असेल तर दोन गोष्टी तपासा. ५० मालिकेला एन्व्हिडियाची खुली कर्नल मॉड्यूलंच लागतात, जुनी बंदिस्त मॉड्यूलं ही कार्डं ओळखतच नाहीत. म्हणजे आवृत्ती ५७० किंवा पुढची आणि पॅकेजच्या नावात 'ओपन' हवं. दुसरं, चालू कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नसतील तर डीकेएमएस, म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं साधन, ते बांधूच शकत नाही. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये तुमच्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' आहे का ते बघा. कंपनीच्या साइटवरची 'रन' फाइल चालवण्याच्या फंदात पडू नका. कर्नल अपडेट झाला की तिचा हमखास घोळ होतो.

प्रश्न: मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं, बायोसही दिसत नाही. लिनक्सचा कोणता पर्याय बदलू?

उत्तर: कुठलाच नाही. बायोस दिसत नाही म्हणजे लिनक्सपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. केबल मदरबोर्डच्या पोर्टला नसून कार्डाच्या पोर्टला आहे ना, कार्डाची वेगळी पॉवर केबल पुरती बसली आहे ना आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडला आहे ना, हे बघा.

प्रश्न: रेडिऑन कार्ड, ४के १२० हर्ट्झचा टीव्ही, एचडीएमआय २.१ची केबल. तरी यादीत ६० हर्ट्झच्या वर काही नाही.

उत्तर: केबल बदलून उपयोग नाही. एचडीएमआय फोरमने (हे मानक ठरवणाऱ्या संघटनेने) एएमडीला २.१चं काम खुल्या ड्रायव्हरमध्ये आणण्याची परवानगी २०२४मध्ये नाकारली. त्यामुळे कार्ड सक्षम असूनही त्या ड्रायव्हरला २.०च्या सेकंदाला १८ गिगाबिटमध्ये भागवावं लागतं आणि पूर्ण रंगाचं ४के १२० त्यात मावत नाही. ४:२:० रंगपद्धतीने (रंगांची माहिती कमी करून) बसवता येतं, पण मग लाल-निळ्या अक्षरांच्या कडा फिसकटतात. सिनेमाला ठीक, मजकुराला नाही. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर तेच वापरा. टीव्हीला ते सहसा नसतं, तिथे डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.१ देणारा अॅक्टिव्ह अडॅप्टर लागेल. ४केला ३० हर्ट्झच मिळत असेल तर मात्र दुखणं वेगळं: जुनं १.४चं पोर्ट किंवा केबल, किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाची वाढीव क्षमता बंद आहे.

प्रश्न: इंटेलच्या नव्या लॅपटॉपची स्क्रीन मधूनच लुकलुकते. माउस हलवला की थांबते.

उत्तर: स्थिर चित्र असताना लुकलुकणं ही पॅनेल सेल्फ रिफ्रेशची, म्हणजे पीएसआरची, ओळखीची खूण आहे. चित्र बदलत नसेल तेव्हा पॅनेल स्वतःच्याच मेमरीतून ते दाखवत राहतं आणि ग्राफिक्स चिप झोपते. तिला जागं करताना घोटाळा होतो. ग्रबच्या मेनूत ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'आय९१५', टिंब, 'इनेबल', अंडरस्कोर, 'पीएसआर', बरोबर चिन्ह, ० असं मध्ये जागा न सोडता लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो. लॅपटॉप 'आय९१५' या ड्रायव्हरऐवजी इंटेलचा नवा 'एक्सई' ड्रायव्हर वापरत असेल तर 'आय९१५'च्या जागी 'एक्सई' घाला. कुठला ड्रायव्हर चालू आहे ते 'एलएसपीसीआय' वजा एनएनके दिल्यावर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत दिसतं. फरक पडला तरच पर्याय ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. पुढच्या मोठ्या कर्नल अपडेटनंतर तो काढून पुन्हा तपासा, कारण पीएसआरच्या दुरुस्त्या कर्नलमध्ये येत असतात.

प्रश्न: १२५ टक्के स्केलिंगला काही प्रोग्रॅम धूसर दिसतात, बाकी स्पष्ट. असं का?

उत्तर: धूसर दिसणारे प्रोग्रॅम स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या जुन्या एक्स११ पद्धतीचे आहेत. वेलँड या नव्या पद्धतीवर ते एक्सवेलँड या दुव्यामधून चालतात आणि त्यांचं चित्र नंतर ताणून मोठं केलं जातं. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जुन्या प्रोग्रॅमना स्वतःचं स्केलिंग स्वतः करू देण्याचा पर्याय आहे, तो निवडा. एखादा प्रोग्रॅम मग फारच बारीक दिसला, तर त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवा.