रोज पन्नास गणितं नकोत, पाच पुरेत

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक तिसरीत आहे. शिकवणीतून रोज पन्नास गणितांचं पान येतं, तासभर रडारड होऊन ते पुरं होतं आणि तरी हातच्याची वजाबाकी चुकतेच. पाढे बारापर्यंत पाठ आहेत, पण मध्येच "सात आठे किती?" विचारलं की ती सात एके सातपासून सुरुवात करते. ॲबॅकसला घालू का, की पन्नासाची शंभर करू, असं तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे. माझं उत्तर आधी सांगते, मग कारणं: ते पान उद्यापासून बंद करा. रोज बारा ते पंधरा मिनिटं आणि लेखी पाच गणितं, एवढंच ठेवा. मात्र ती पाच कोणती, हे तुम्ही तिच्या चुका वाचून ठरवायचं.

हे मी एका मुलाकडून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला मीही फळा भरून गणितं द्यायचे. त्या मुलानं एकदा चाळीस वजाबाक्या सोडवून आणल्या. वही स्वच्छ, अक्षर सुंदर, आणि हातच्याची एकही बरोबर नाही. ५२ वजा २७ चं उत्तर ३५. त्याला जवळ बसवून विचारलं, "कसं काढलंस?" तो म्हणाला, "पाचातून दोन गेले तीन. सातातून दोन गेले पाच." मोठ्यातून लहान वजा करायचं, हे त्याला पहिलीत सांगितलेलं होतं आणि तो ते इमानानं पाळत होता. आकडा वर आहे की खाली, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणजे मी त्या दिवशी त्याच्याकडून एकच चूक चाळीस वेळा घोटून घेतली होती. पुढे ती सुटायला दोन महिने लागले.

सराव जे हाताला लागलंय ते पक्कं करतो. बरोबर रीत पक्की होते, तशी चुकीची रीतही होते. म्हणून आधी जुन्या वह्या घेऊन बसा आणि चुकांचे गट पाडा. बहुतेक मुलांच्या चुका चार-पाच जातींच्याच असतात. वरच्यासारखी वजाबाकी ही एक. ४३ अधिक २९ बरोबर ६१२ ही दुसरी, कारण तीन आणि नवाचे बारा तसेच खाली लिहिले आणि चार-दोनाचे सहा त्यांच्या डावीकडे. 'तीनशे सहा' हे ३००६ असं लिहिणं ही तिसरी. मूल तीनशे ऐकतं, ३०० लिहितं, मग सहा ऐकून सहा लिहितं. या तिन्हींचं मूळ एकच आहे: एकक, दशक, शतक तोंडपाठ आहेत, पण दशक म्हणजे दहा सुट्यांचा गठ्ठा हे हाताला माहीत नाही.

आणि एक चूक खास आपल्या मराठी मुलांची आहे. त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहितात, कारण आपण तीन आधी बोलतो आणि साठ नंतर. एकोणसत्तर सांगितलं की ७९, कारण सत्तर ऐकू आलं आणि नऊ कुठेतरी आहे हे आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यानावं आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि मुलांना आकड्यांचा हा उलटा क्रम आणि जोडाक्षरं जड जातात हेच त्या सांगत होत्या. वर्गात उभं राहणाऱ्या मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, कारण ती अडचण मी रोज बघत होते. पण आपली जुनी नावंही मला टाकवत नाहीत. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळी 'एकोण' म्हणजे 'एकानं कमी'. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. (नव्व्याण्णव तेवढं या ओळीत बसत नाही.) हे एकदा मुलांना उलगडून सांगितलं की ४६ अधिक २९ त्यांना कागदाशिवाय जमतं: तीस मिळवा, शहात्तर, एक काढा, पंचाहत्तर. गणिताची ही युक्ती संख्येच्या नावातच दडलेली आहे. लेक सेमी इंग्रजीत असेल तर शाळेत 'सिक्स्टी नाईन' आणि घरी 'एकोणसत्तर' असा दुहेरी भार तिच्यावर आहे, तेव्हा रोज दोन-तीन संख्या दोन्ही भाषांत सांगा आणि तिला आकड्यांत लिहू द्या.

आता वजाबाकी. पंधरा दिवस ती नुसत्या कागदावर करूच नका. शंभराच्या तीन नोटा, दहाच्या वीसेक नोटा आणि रुपयाची वीसेक नाणी एका डब्यात ठेवा. खऱ्या नोटा नकोत असं वाटलं तर कागदाच्या कापा. तुम्ही दुकानदार, ती गिऱ्हाईक. तिच्याकडे ५२ रुपये: पाच नोटा, दोन नाणी. तिला २७ द्यायचेत. दोन नोटा ती देईल, मग सात नाणी द्यायला जाईल आणि थांबेल, कारण नाणी दोनच आहेत. इथे तुम्ही काही बोलू नका. माझ्या अनुभवात बहुतेक मुलं या ठिकाणी स्वतःच म्हणतात, "सुट्टे द्या ना." ते तिच्या तोंडून आलं पाहिजे. दहाची एक नोट मोडली, दहा नाणी आली, आता बारा झाली, त्यातली सात दिली, पाच उरली. नोटा दोन. पंचवीस. याच मुलांना फळ्यावर मी शंभरदा सांगून जे कळलं नव्हतं, ते डब्यासमोर कळतं.

पूर्वी घरात मुलांना सुट्टे आणायला पिटाळायचे, दूधवाल्याचा हिशोब त्यांच्यासमोर व्हायचा. आता सगळीकडे फोन दाखवून पैसे जातात आणि आठ वर्षांच्या मुलानं नोट मोडलेली पाहिलेलीच नसते. आमच्या खेड्यातसुद्धा तेच झालंय. म्हणून हा डबा मी फार महत्त्वाचा मानते.

तीन-चार दिवस नुसता डबा. मग डबा आणि वही शेजारी शेजारी: नोट मोडली की वहीत दशकाचा पाच खोडून वर चार लिहायचा, एककावर बारा लिहायचे. जे हातानं केलं तेच लगेच कागदावर. मग हळूहळू डबा मागे न्या, पण अडली की परत पुढे आणा. ३०४ वजा १२८ ला तो लागणारच. तिथे मधे शून्य आहे, दहाची नोटच नाही. आधी शंभराची मोडून दहाच्या दहा घ्यायच्या, त्यातली एक मोडून नाणी घ्यायची. १७६ उरतात. शून्य मधे असलेल्या वजाबाकीला मोठीसुद्धा गडबडतात, आणि त्यांना ही दोनदा मोडायची गोष्ट कुणी हातानं करू दिलेली नसते.

एक विनंती. 'शेजाऱ्याकडून उसना घेतला' असं म्हणू नका. मीही वर्षानुवर्षं म्हणायचे. मग एका मुलीनं उत्तर काढून झाल्यावर दशकात एक परत मिळवला, कारण उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं असं तिच्या आजीनं तिला शिकवलं होतं. त्या दिवसापासून मी 'दशक सुटा केला' एवढंच म्हणते.

वजाबाकीच्या प्रत्येक उत्तराचा ताळा तिच्याकडूनच करून घ्या. पंचवीस आणि सत्तावीस मिळून बावन्न होतात का? होत नसतील तर काहीतरी बिनसलंय हे तिचं तिलाच कळतं, आणि तुमच्या लाल पेनाची वाट बघावी लागत नाही. चुकलेलं गणित रबरानं खोडायला लावू नका. त्याला गोल करा, शेजारी पुन्हा करू द्या. ती चूक उद्या तुम्हाला वाचायची आहे. आणि "हे कसं काढलंस?" हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलंत तर आठ दिवसांत मूल ओळखतं की आई 'कसं' म्हणाली म्हणजे चुकलं, आणि न बघताच उत्तर बदलतं.

आता पाढे. पाठ असणं चांगलंच आहे, ते मोडीत काढू नका. पण पाठ केलेला पाढा माळेसारखा असतो, मधला मणी हवा तर पहिल्यापासून ओढावं लागतं. सुटे मणी हातात यायला हवेत. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर गुणाकार दिसतात. सात आठे आणि आठ साते एकच, हे तिला चौकटीच्या कागदावर सात ओळी आठ घरांच्या रंगवून, कागद आडवा फिरवून दाखवा. म्हणजे शंभराचे पंचावन्न राहतात. एक, दोन, पाच आणि दहाचे तिला येत असणार, ते काढा. नवाचे दहाच्या पाढ्यावरून येतात: नऊ सात म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. तेही काढा. मागे उरतात ते फक्त पंधरा: तीन, चार, सहा, सात आणि आठ यांचे आपसातले. तीन त्रिकपासून आठ आठेपर्यंत. घरात आलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पंधरा पत्ते करा, पुढे गुणाकार, मागे उत्तर. रोज चार पत्ते. येतात ते डावीकडे, अडतात ते उजवीकडे. उजवीकडचे उद्या पुन्हा, डावीकडचे चार दिवसांनी. अडलं तर जवळच्या ओळखीच्या गुणाकारावरून चालत जाऊ द्या: सात साते एकोणपन्नास येतं ना, मग त्यात अजून एक सात. बहुतेक मुलांच्या उजव्या ढिगात शेवटी सहा साते, सहा आठे आणि सात आठे हीच तीन उरतात. एवढी तीन राहिली की लढाई जिंकली समजा.

घरात आजोबा असतील तर त्यांना दिडकी म्हणायला सांगा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे आपल्याकडे मुलं पाठ करायची. तिसरीच्या मुलीनं ते पाठ करावेत असं मी म्हणत नाही. पण एकाचे दीड, दोनाचे तीन, तिनाचे साडेचार असं आजोबा चालत जातात तेव्हा मूल टक लावून ऐकतं, आणि पुढे अपूर्णांक आले की 'साडेचार' त्याला परका वाटत नाही.

बारा-पंधरा मिनिटांचं म्हणाल तर आधी चार पत्ते आणि दोन-तीन तोंडी गणितं, मग पाच लेखी. त्या पाचांत दोनच या आठवड्यात शिकलेली, दोन गणितं महिना-दोन महिन्यांपूर्वीची, आणि एक शाब्दिक. एका पानावर पन्नासही वजाबाक्या असल्या की मूल चिन्ह बघणंच सोडून देतं, हात आपोआप चालतो. मिसळलेली असली की प्रत्येक वेळी 'इथे काय करायचं?' हे ठरवावं लागतं, आणि परीक्षेत मुलं अडखळतात ती याच जागी. रोज थोडं का, तर एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं हे १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलंय. एखादा दिवस बुडाला तर बुडू द्या, पण दुसऱ्या दिवशी दहा गणितं करून भरपाई करू नका. भरपाई सुरू झाली की तो सराव पुन्हा शिक्षा होतो.

शाब्दिक उदाहरणात शब्द बघून क्रिया ठरवायची सवय लावू नका. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, हे पुष्कळ ठिकाणी शिकवतात. मग "रमाकडे १२ पेरू आहेत, ते सीमापेक्षा ५ जास्त आहेत, तर सीमाकडे किती?" याला वर्गातली निम्मी मुलं सतरा म्हणतात, कारण 'जास्त' दिसलं. आधी आकडे झाकून गोष्ट सांगायला लावा: कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी? मग चित्र, मग आकडे. आठवड्यातून एकदा तिनंच तुम्हाला गोष्टीतलं गणित घालावं. ते तुम्ही मुद्दाम चुकीचं सोडवा आणि तिला पकडू द्या. आमच्या वर्गात यासाठी भांडणं होतात.

घड्याळ लावू नका. बोटं मोजत असेल तर हात धरू नका. ८ अधिक ५ ला ती आठापासून पुढे मोजते की पुन्हा एकपासून, एवढं फक्त बघा. एकपासून मोजत असेल तर आठाला दहा व्हायला किती हवेत, हे आठ दिवस तोंडी विचारत राहा. बोटं आपली आपण खाली जातात.

ॲबॅकसचं विचारलंत. तिला मण्यांची गंमत वाटली तर पुढे-मागे घाला, माझं काही म्हणणं नाही. पण तिला आज वेग कमी पडत नाहीये. दशक मोडता येत नाहीये, आणि ते डब्याजवळ बसूनच येईल. ती मागे पडलीय असं मनात आणू नका. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीत गणिताच्या ज्या मोजक्या पायऱ्या तपासतात, त्यांत संख्या ओळखण्याच्या पुढची पायरी हीच आहे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि तिच्यावर देशभरातली असंख्य मुलं अडतात. तिसरी संपायला अजून वेळ आहे.

शिकवणीतल्या बाईंना हे पान नको म्हणून स्पष्ट सांगा, किंवा त्यातलीच पाच निवडून बाकीची सोडून द्या. आज रात्री पत्ते कापून ठेवा, डबा भरून ठेवा. पंधरा दिवसांनी उजव्या ढिगात कोणते पत्ते राहिले आणि ३०४ वजा १२८ तिनं कसं केलं, ते इथेच लिहा. उत्तर चुकलं असेल तर ते खोडू नका, जसंच्या तसं लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.