दुपारचा ओढा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. काश्मिरात सोनमर्गहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगाबल ही तळी करत नारानागला उतरायचं, सत्तरेक किलोमीटर, आणि तेही एकटीनं. 'बाई हो म्हणाल्या तर जा' असं सांगून तुझ्या आईनं स्वतःची सुटका करून घेतली, हेही कळलं. मी नाही म्हणणार नाही. पण हो म्हणायच्या आधी थोडं बोलायचंय.

आमच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा माझे आबा तरीवर होडी चालवायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. उधाणात वारा फिरला की आबा होडी वर ओढून विडी पेटवायचे. पलीकडे वऱ्हाड खोळंबलेलं असो की सरकारी साहेब, "पाणी बसू दे" एवढंच बोलायचे.

डोंगरातल्या ओढ्यालाही भरती-ओहोटी असते. ती चंद्रावर नाही, उन्हावर चालते, इतकंच. ऊन वर आलं की बर्फ वितळायला लागतं, ते पाणी खाली पोचेस्तोवर दुपार होते आणि संध्याकाळपर्यंत ओढा फुगत जातो. रात्रीच्या गारठ्यात वितळणं थांबतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात उतरलेला असतो. हे सगळं ठाऊक असून मी हिमाचलात हामटा खिंड उतरून दुपारी तीनला ओढ्यात शिरले. पलीकडे तंबू दिसत होते, कुणीतरी चहा टाकला होता, तेवढ्यानं अक्कल गेली. चौथ्या पावलाला पाणी मांडीपर्यंत आलं. तळाचे गोटे सरकत होते, त्यांची खडखड कानांआधी पायांना कळत होती. डावी सँडल गेली. कशीबशी अलीकडेच परत फिरले आणि रात्रभर ओल्या पँटीत कुडकुडले. सकाळी साडेपाचला त्याच जागी पाणी पोटरीला होतं. आबा असते तर बोलले नसते काही. विडी पेटवली असती.

तेव्हा ओढा सकाळी. आणि जिथे तो अरुंद दिसतो तिथे नाही, जिथे पाणी फाकतं तिथे. अरुंद जागी खोल आणि जोरकस असतं. अनवाणी जायचं नाही. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधी सोडायचे, पडलीस तर सॅक टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, दोन टेकू पक्के असल्याशिवाय तिसरा हलवायचा नाही. खिंडीचंही तेच. दुपारनंतर वर ढग दाटतात, विजा होतात, म्हणून बाराच्या आत माथा ओलांडायचा.

आता उंची. आपण समुद्रावरची माणसं. गडसरची खिंड साधारण ४,२०० मीटरवर आहे आणि तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्या किनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तू रोज दहा किलोमीटर पळतेस म्हणून उंची तुला सोडेल असं समजू नकोस. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही. या वाटेवर पहिल्याच दोन दिवसांत हा हिशेब ताणला जातो, म्हणून सोनमर्गला दोन रात्री काढ. डोकं ठणकून मळमळायला लागलं तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला बोटं लावत सरळ रेघेत चालता येईना, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, मला नको.

एकटीनं जाण्यातली खरी अडचण इथे आहे. डोकं बधिर झालंय हे सांगायला तिथे दुसरं डोकं नसतं. म्हणून कुठे काय झालं की परत फिरायचं, हे घरी बसून कागदावर लिही आणि ऐनवेळी त्या कागदाशी वाद घालू नकोस. दोन दिवस जास्तीचे ठेव. परतीचं आरक्षण ज्यांच्या छातीवर बसलेलं असतं, तेच भलत्या वेळी ओढ्यात शिरतात.

वाटेत लष्कर ओळखपत्रं तपासतं, आणि गेल्या हंगामातला नियम यंदा असेलच असं नाही. श्रीनगरात आधी चौकशी कर. एकटीला सोडत नसतील तर तिथला एखादा घोडेवाला सोबत घे, त्यानं तुझं एकटेपण बाटत नाही. बकरवालांच्या, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळांच्या, कळपाजवळून जाताना लांबून हाक दे, त्यांचे कुत्रे पाहुण्याची वाट बघत नाहीत.

खाण्याचं सोपं आहे. ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. कुळथाचं पीठ ने. पिठलं होतं, पोट धरतं. सोबत फणसपोळी. गॅसचं डबडं इथून नेऊ नकोस, ते रेल्वेतही चालत नाही, विमानातही नाही. आणि सुती कपडे आपल्याकडे ठीक. तिथे घामानं भिजले की अंगावर बर्फ होतं.

शिमग्याला येशील तेव्हा सॅक भरून आण, बारा किलो, तांदळाच्या पिशव्या घालून का होईना. पालखी झाली की आपण रसाळगडाला जाऊ. झोलाईच्या देवळात मी तुझ्याबरोबर मुक्काम करीन. पुढे सुमारगडाचा चढ माझ्या गुडघ्याला आता झेपत नाही, तेव्हा तिथून महिपतगडापर्यंत तू एकटी जा. घाई करू नकोस. खाली उतरलीस की फोन कर, मग मी तुझ्या आईला करते.

तुझ्या
बाई