गुरुवारचा पिझ्झा आजीला का पाठवत नाही

प्रिय सानू,

रविवारी ताटात भरली वांगी वाढली, मी फोन काढला आणि "दोन मिनिटं थांब" म्हटलं, तेव्हा तू विचारलंस, "आई, गुरुवारी पिझ्झा मागवला त्याचा फोटो नाही काढलास. आजीला वाटतं आपण रोज असंच जेवतो. हे खोटं बोलणं नाही का?"

मी "जेव आता, गार होतंय" म्हणून विषय मिटवला. गार माझ्यामुळेच झालं होतं, हे तुला आणि मला दोघींना माहीत होतं. तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय. एखादा शब्द अडला तर विचार, नाहीतर सोडून पुढे जा.

मी तुझ्याएवढी असताना सांगलीच्या गावभागात आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती. घरात काही वेगळं केलं की आजी, म्हणजे तेव्हाची माझी आई, आधी वाट्या भरायची. कृष्णाकाठची वांगी, कूट भरून केलेली. जी अख्खी राहिली ती वरच्या तर्रीसकट वाट्यांत जायची, फुटलेली आणि तळाला लागलेली आमच्या ताटात यायची. मी चिडायचे. आई म्हणायची, "बाहेर जातंय ते चांगलंच जायला हवं." बस, एवढंच.

वाट्या पोचवायचं काम माझं. वर क्रोशाचा रुमाल झाकलेला असायचा. जिन्यात कुणी "काय गं नेतेस?" विचारलं तर सांगायचं, पण रुमाल उचलायचा नाही. ज्याला देणार नाही त्याला दाखवायचं कशाला, असं तुझी पणजी म्हणायची. त्या वाट्या रिकाम्या परत येत नसत. दोन दिवसांनी काहीतरी असायचंच आत, काहीच नसलं तर साखर. एकदा समोरच्या काकूंकडून वाटीच्या तळाशी जेमतेम चमचाभर साखर आली आणि मी त्यांच्यासमोरच "एवढीच?" म्हटलं. आईने घरात नेऊन मला जे सुनावलं ते अजून आठवतं. त्या घरात तेव्हा काकांची नोकरी गेली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ती साखर त्यांनी डब्याच्या तळातून काढली असेल.

शेतातलं नवं, घरात केलेलं, त्यातलं थोडं दुसऱ्याकडे पाठवायचं, त्याला वानवळा म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. इथे अमेरिकेत, एडिसनला, शेजारी चांगले आहेत, पण वाटी घेऊन दार वाजवायचं म्हणजे आधी ॲलर्जी विचारा, दाण्याचं कूट चालतं का विचारा. दोनदा केलं, मग राहूनच गेलं. आता माझी वाटी आमच्या घरच्या ग्रुपवर जाते. फोटो हाच माझा वानवळा, असं मी स्वतःला सांगत आलेय. पण वाटीतलं कुणीतरी खायचं. फोटोतलं कोण खाणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

थांबण्याचं म्हणशील तर मीही थांबलेय. गौरी जेवायच्या दिवशी पणजी नैवेद्याचं ताट वाढायची. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण, वरणावर तूप. कितीही भूक लागलेली असो, नैवेद्य दाखवल्याशिवाय बोट लावायचं नाही. बघ, आपण नैवेद्य 'दाखवतो' म्हणतो. पुरण गार होतंय म्हणून मी कुरकुरायचे आणि पणजी म्हणायची, "थांब, दोन मिनिटं." रविवारी मी तेच शब्द तुला म्हटले, हे मला रात्री झोपताना लक्षात आलं.

त्या ताटाचा एकही फोटो आपल्याकडे नाही. तेव्हा रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, ते मुंजीला, बारशाला जपून वापरायचे. जेवणावर कोण घालवणार? मामाच्या बारशाच्या एका फोटोत मात्र कोपऱ्यात अर्धी परात आली आहे. परातीत सात करंज्या, आणि आठवीची कड कापणारा एक हात. हातात कातण, मनगटाला हिरव्या काचेच्या बांगड्या. चेहरा कापला गेलाय. तो पणजीचा हात. करंज्या करताना कातण ती डाव्या हाताने चालवायची, हे मला त्या फोटोमुळे कळलं, नाहीतर मी विसरले होते. म्हणून मी ताटाचे फोटो काढते, असं म्हटलं तर ते निम्मं खरं आहे.

उरलेलं निम्मं तुझी आजी आहे. उन्हाळ्यात आपलं साडेसातचं जेवण म्हणजे तिचे पहाटेचे पाच. ती उठते, चहा ठेवते आणि फोन उघडते. ताट ती बोटांनी मोठं करून बघते. "देठं ठेवलीस, छान." "कूट जाडसर दिसतंय." मागे एकदा तिने पदार्थाबद्दल काहीच लिहिलं नाही, नुसतं विचारलं, "अंगठ्याला काय झालं?" ताटाच्या कडेला माझा पट्टी लावलेला अंगठा आला होता. मी तो बघितलाही नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये तू पाच वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात घरांत पाणी शिरलं. आजी-आजोबांना मामाने विश्रामबागेत त्याच्या घरी नेलं एवढं कळलं, मग फोन लागेना. मी इथे ऑफिसच्या जिन्यात बसून सारखी फोन लावत होते. दुसऱ्या दिवशी एक फोटो आला. अंधारात बॅटरीच्या उजेडात काढलेला, हललेला. स्टीलच्या ताटलीत मुगाची खिचडी, वर अर्धा पापड. खाली एक शब्द नाही. मला सगळं कळलं. "जेवलीस का?" हेच आपल्याकडे "कशी आहेस?"

आता जे सांगायला मला जड जातंय ते सांगते. गेल्या डिसेंबरात आपण गेलो होतो तेव्हा मी एका रात्री पाणी प्यायला उठले. आजी ओट्याशी उभी राहून दुधात भाकरी कुस्करून खात होती. आपल्याबरोबर जेवताना तिने "मला भूक नाही" म्हटलं होतं. मी विचारलं, रोज असंच का? म्हणाली, "अगं, आजोबा गेल्यापासून एकटीसाठी काय ताट वाढायचं!" आणि दिवाळीत तिने आपल्याला भरलेल्या ताटाचा फोटो पाठवला होता. चकली, शेव, अनारसे, कडबोळी. त्यातलं निम्मं शेजारून आलेलं होतं, हे तिनेच सांगितलं.

म्हणजे ती पण चांगली वांगी तेवढी आपल्या वाटीत घालते, आणि फुटलेली स्वतःकडे ठेवते. मी तिचीच मुलगी. याला खोटं म्हणवत नाही मला. पण सानू, तू मला विचारायच्या आधीच मी आईला विचारायला हवं होतं, हे मला पटलंय. पहाटे पाचला ती आपलं ताट बघते, ते बघून तिला बरं वाटतं की आणखी एकटं वाटतं, हे मी कधी विचारलंच नाही.

तुझ्या मैत्रिणी डब्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकतात, तूही टाकशील. मी अडवणार नाही. मला स्वतःला तो रुमाल अजून उचलवत नाही, एवढंच.

या गुरुवारी उशिरा येणार आहे मी, बहुतेक पुन्हा पिझ्झाच. खोका उघडलास की आजीला फोटो तू पाठव. काय लिहायचं ते तुझं तू ठरव. आणि ती काय जेवली ते विचार, पण फोटो माग, नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस.

दोन वांगी फ्रीजमध्ये निळ्या डब्यात आहेत. अख्खी आहेत, तुझ्यासाठीच ठेवलीत.

तुझी,
आई