जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करताना कर्मचाऱ्यांसाठीचा जर्मन संभाषण वर्ग लावावा का?

तुम्ही विचारलंय की लॅबमध्ये सगळं इंग्रजीत चालतं, विद्यापीठाच्या भाषा केंद्राचा संभाषण वर्ग आठवड्यातून एकदाच असतो, परीक्षा नाही की क्रेडिट नाही, मग त्यात वेळ कशाला घालवायचा? मी असाच वर्ग केलाय. माझं मत, जरूर लावा, पण भलत्या अपेक्षेने नको.

साधा हिशोब बघा. इथली तासिका ४५ मिनिटांची. दीड तासाचा वर्ग आणि साधारण १४ आठवड्यांचं सत्र धरलं तर हातात पडतात २८ तासिका. गोएथे इन्स्टिट्यूट (आपलं मॅक्सम्युलर भवन) नुसत्या ए१ला (भाषेची सगळ्यात पहिली पातळी) ८० ते २०० तासिका धरते, बी१पर्यंत (रोजचे व्यवहार स्वतः निभावता येतील अशी मधली पातळी) ३५० ते ६५०. म्हणजे एवढ्यावरच विसंबलात तर बी१ यायच्या आधी तुमचं कंत्राट संपेल. व्याकरणासाठी संध्याकाळचा वेगळा कोर्स लागेलच. शिवाय हजेरीच्या कागदावर व्हिसा ऑफिसात काम होत नाही. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) कायम वास्तव्याचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांनी, बी१ असेल तर २१ महिन्यांनी मागता येतो. त्यासाठी गोएथे किंवा टेल्कसारखी मान्यताप्राप्त परीक्षाच द्या.

आता फायदा. लॅबचं इंग्रजी लॅबच्या दारापर्यंत. वर्कशॉपमध्ये सुटे भाग बनवून देणारे, प्रवासखर्चाची बिलं तपासणारे, इमारतीच्या किल्ल्या सांभाळणारे हाउसमाइस्टर, या सगळ्यांचा दिवस जर्मनमध्ये जातो. इंग्रजी येत असलं तरी ते बोलायला संकोचतात, आणि आपण ईमेल टाकून उत्तराची वाट बघत बसतो. मी वर्गात दर वेळी त्या आठवड्यात करायचा असलेला एखादा फोन घेऊन जायचो. शिक्षिका पलीकडचा माणूस व्हायच्या, मुद्दाम भरभर बोलायच्या, मध्येच ‘थांबा हं’ म्हणून गप्प बसायच्या. समोर चेहरा नसताना परकी भाषा दुप्पट अवघड जाते, त्यामुळे ही तालीम फार उपयोगी पडली. पाठ्यपुस्तकातल्या ‘माझे छंद’पेक्षा तर नक्कीच! तुमच्या वर्गातही असं मागून बघा. परीक्षा नसल्यामुळे शिक्षकांना अभ्यासक्रम संपवायची घाई नसते.

आणखी एक. बऱ्याच भाषा केंद्रांत प्रशासनातले जर्मन कर्मचारी इंग्रजी संभाषणाला येतात. त्यांच्यातलाच एखादा टांडेम जोडीदार शोधा, म्हणजे अर्धा तास जर्मन, अर्धा तास इंग्रजी, मेन्सात (विद्यापीठाच्या कँटीनमध्ये) जेवता जेवता. फुकट आणि वर्गाहून जास्त परिणामकारक.

वेळेचं आधी लेखी ठरवा. तुमचा करार टीव्ही-एल या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वेतन कराराखाली असेल (हेसेन सोडून बाकी राज्यांत सहसा तोच असतो), तर त्याच्या कलम ५ प्रमाणे ठरवून घेतलेलं प्रशिक्षण कामाच्या वेळेत धरलं जातं. ‘ठरवून घेतलेलं’ हे महत्त्वाचं. प्रोफेसरांच्या तोंडी ‘हो हो’वर जाऊ नका. पगाराऐवजी स्टायपेंडवर असाल तर तुम्ही कर्मचारी धरले जात नाही, तेव्हा प्रवेश मिळतो का आणि फी किती पडते ते केंद्रात विचारून घ्या.

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, प्रत्यक्ष वर्ग त्याच महिन्याच्या मध्याला. ए१च्या जागा सगळ्यात आधी भरतात, म्हणून नोंदणीची तारीख सप्टेंबरातच बघून ठेवा.