मिन्स्कला येतोयस, तर भाषेचं आधी बघ

तू विचारलंस, 'सप्टेंबरपासून मिन्स्कला मेडिकलला येतोय. रशियन शिकू की बेलारूसी? तिथले लोक शेवटी रशियनच ना?' मला इथे, बेलारूसच्या राजधानीत, सात वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रशियनच शीक, डोळे झाकून. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डातली आजी कुठे दुखतंय ते रशियनमध्येच सांगणार. दुकान, बस, घरमालकीण, सगळीकडे तीच. 1990 मध्ये बेलारूसी ही एकमेव राजभाषा झाली होती. 1995 च्या सार्वमतानंतर रशियनलाही तोच दर्जा मिळाला आणि शहरात कोण वरचढ ठरलं ते तुला पहिल्याच दिवशी दिसेल. गावाकडे दोन्हींची मिसळ चालते, तिला 'त्रास्यांका' म्हणतात. मूळ अर्थ गुरांसाठी एकत्र केलेलं गवत आणि पेंढा. नाव कुणी प्रेमाने ठेवलेलं नाही.

'रशियनच ना' हे मात्र इथे कुणाला बोलू नकोस. मी पहिल्याच महिन्यात बोलले. घरमालकीण चहा ओतत होती, तिने किटली खाली ठेवली. रागावली नाही, पण पुढचा पाऊण तास मला जागचं हलू दिलं नाही. बेलारूसमधला 'रूस' म्हणजे कीव्ह-पोलोत्स्कचा जुना रूस, आजचा रशिया नव्हे, इथून सुरुवात. इथल्याच पोलोत्स्क शहरातल्या स्कारिनाने 1517 मध्ये प्रागला बायबलमधली स्तोत्रसंहिता छापली. लिथुआनियाच्या महासंस्थानाची 1588 ची कायदासंहिता ज्या भाषेत आहे तिला हे लोक आपली जुनी भाषा मानतात. रशियन साम्राज्य इथे आलं ते पोलंड-लिथुआनियाच्या 1772 ते 1795 च्या फाळण्यांत. मग ती 29 ऑक्टोबर 1937 च्या रात्रीवर आली. त्या एका रात्रीत मिन्स्कमध्ये स्टालिनच्या पोलिसांनी शंभराहून जास्त कवी-लेखक-विद्वानांना गोळ्या घातल्या. भाषा का मागे पडली याचं तिचं उत्तर एवढंच होतं.

महायुद्धाबद्दल ती बोलली नाही. त्यासाठी खातीनला जा. 1943 मध्ये जाळलेलं गाव, 149 माणसं, त्यात 75 मुलं. तिथे चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत बर्च आहेत आणि चौथ्यात ज्योत, कारण युद्धात दर चार बेलारूसींतला एक गेला.

बेलारूसी कानावर पडते ती मेट्रोत, कारण घोषणा तिच्यातच होतात. रशियनमध्ये 'अक्त्याब्रस्काया' असलेलं स्टेशन तिथे 'कास्त्रिच्नित्स्काया' होतं. (मी पहिल्यांदा चुकून पुढे गेले.) शहरांचंही तसंच: ग्रोदनो म्हणजे ह्रोदना, गोमेल म्हणजे होमेल. रशियन 'ग'च्या जागी यांचा घशातला, आपल्या 'ह'च्या जवळचा उच्चार असतो. आणि गंमत म्हणजे आपल्या 'जाड'मधला 'ज' यांच्याकडेही आहे, फक्त जरा मऊ. त्यामुळे 'ज्याकुय', म्हणजे धन्यवाद, मराठी जिभेला सहज जमतं. बाजारात म्हणून बघ, बटाटेवाली मान वर करून बघेल.

एकच सावधगिरी. पांढरा-लाल-पांढरा झेंडा 1991 ते 95 देशाचा अधिकृत झेंडा होता. आता तो सरकारविरोधाची खूण समजला जातो आणि त्यावरून लोकांना अटक झाली आहे. कुणी स्टिकर दिलं तर बॅगेला लावू नकोस, फोटोही टाकू नकोस. आणि घरमालकीण मिळाली की राजकारण आपणहून काढू नकोस, तिला वाटलं तर ती काढेल.